थोरल्याचे मॅनेजर

"धाकटा गेला हो माझा," असं म्हणत पांढरीपांडे सर स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, तेव्हा आम्ही सगळे खुर्च्या मागे सारून उठलो. शिपायानं पाणी आणलं. संस्कृतच्या त्रिपाठीजींनी डोळे मिटून एक श्लोक म्हटला. आमच्या प्राचार्या दुबे मॅडम स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "पांडेजी, आप घर जाइए, छुट्टी की चिंता मत कीजिए. कितने बरस के थे?"

"अस्सी के ऊपर के," सर म्हणाले.

सर स्वतः साठ ओलांडलेले. धाकटा भाऊ ऐंशीच्या वर कसा, हे कोडं कुणालाच सुटेना. मला मात्र सुटलं, कारण त्या शाळेत जितकी वर्षं सर होते त्यातली बहुतेक मीही होते आणि सरांच्या त्या दूरच्या कुटुंबाची मला चांगली ओळख होती. सरांना सख्खा भाऊ नव्हताच. गेला होता तो इंग्लंडचा एक फुटबॉलपटू. फार जुन्या काळी तिथल्या संघानं जगाचा कप जिंकला, त्या संघात दोन सख्खे भाऊ होते. सर त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. खेळाडूंची खरी नावं सरांना येत नव्हती असं नाही, पण घरच्या माणसांना कुणी आडनावानं हाक मारतं का? कप हातात घेऊन मैदानात नाचणारा तो दात पडलेला खेळाडू 'बोळका'. गोलकीपर 'दरवाजा'. आणि संघाला शिकवणारे मॅनेजर फक्त 'मॅनेजर'. त्यांना टोपणनाव द्यायची सरांची छाती नव्हती.

सरांचे वडील नागपूरच्या सरकारी कचेरीत होते. राज्यांची फेररचना झाली तसे दप्तराबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. सर कॉलेजात असताना एका इंग्रजी लायब्ररीत पडदा लावून त्या फायनलची फिल्म दाखवली होती. बाकीची मुलं पंखा आणि गार पाण्यासाठी गेली होती. सर फिल्म संपल्यावर यंत्र चालवणाऱ्याकडे गेले आणि पुन्हा लावायला सांगितली. त्या दिवसापासून सरांचं ठरलं. आमच्या शाळेत ते पी.टी. मास्तर म्हणून लागले, पण फुटबॉलच्या पोरांनी आपल्याला मॅनेजर म्हणावं असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे अरेरा कॉलनीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं, हे कुठल्याशा बँकेत मॅनेजर आहेत. एकदा एक गृहस्थ घराच्या कर्जाचे कागद घेऊन त्यांच्या दारात आले होते.

त्यात त्यांच्या आडनावाचे हाल. हिंदी मुलखात पांढरीपांडे म्हणणार कोण? सगळे पांडेजी म्हणायचे. सर न कंटाळता सांगायचे, "पहले पांढरी, फिर पांडे." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "समझ गए, पांडेजी."

त्या मॅनेजरच्या सगळ्या सवयी सरांनी उचलल्या होत्या. शिट्टी वाजली, जगज्जेतेपद मिळालं, बाकावरचे सगळे उड्या मारत उठले आणि तो माणूस मात्र होता तसा बसून राहिला, हे सरांच्या मनावर कोरलं गेलं होतं. आमची शाळा जिंकली की सरही प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहत. चेहरा असा, की सांत्वन करायला जावं. ढोल वाजताहेत, पोरं मातीत लोळताहेत आणि आमचे सर फोटोला बसल्यासारखे. मी एकदा विचारलं, "आत काय होतं हो त्या वेळी?" म्हणाले, "बाप्पा! पोटात नगारे वाजतात. पण पोरांचा आनंद पोरांचा आहे, मुळे बाई. आपण मध्ये कडमडायचं काहून?"

आणि हेडर. सरांचा संघ अख्ख्या भोपाळमध्ये हेडरसाठी ओळखला जायचा. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या फांदीला दोरीनं एक जुना चामडी चेंडू टांगलेला असे. पोरांनी धावत यायचं, उडी मारायची आणि कपाळानं तो ठोकायचा. पुन्हा मागं जायचं, पुन्हा यायचं. पाऊस पडून गेला की ते चामडं पाणी पिऊन दगडासारखं व्हायचं, आणि त्या दिवशी सरांना विशेष हुरूप यायचा. "याच्यानं ठोकाल तर मॅचमधला चेंडू कापूस वाटेल!" आमची केमिस्ट्रीची लॅब त्याच बाजूला होती. मी आत टायट्रेशन शिकवत असले की बाहेरून एका लयीत आवाज येत राहायचा. ठप्प. ठप्प. ठप्प. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच लक्ष जायचं.

त्या सगळ्या पोरांमध्ये दिनेश साहूसारखं डोकं कुणाचंच नव्हतं. करोंदच्या एका धान्याच्या आडत्याचा तो मुलगा, उंच, हडकुळा, मान जिराफासारखी. माझ्या वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि कपाळ कायम लाल असायचं. सरांनी त्याला नाव दिलं 'थोरला'. इंग्लंडचा थोरला असाच उंच होता आणि असाच मागे उभा राहून हवेतला प्रत्येक चेंडू डोक्यावर घ्यायचा. दिनेशनं कॉर्नरवर डोकं लावून शाळेला विभागाची ढाल मिळवून दिली, आणि पुढं तो वडिलांच्या गादीवर बसला तरी ते नाव त्याला चिकटून राहिलं. मंडीत त्याला सगळे 'थोरला सेठ' म्हणत. शब्दाचा अर्थ तिथं कुणालाच ठाऊक नव्हता.

तर त्या दिवशी स्टाफरूममध्ये धाकटा म्हणजे कोण हे लोकांना कळलं आणि सगळे तोंड फिरवून हसू दाबायला लागले. त्रिपाठीजींना तर आपला श्लोक वाया गेल्याचं दुःख झालं. सर तिथेच बसून राहिले. सगळे तासाला गेल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"बाई, हे वाचा. माझं इंग्रजी चुकत असेल."

मी वाचलं. चुकत नव्हतं. धाकट्याला शेवटच्या वर्षांत विसरण्याचा आजार झाला होता. थोरल्यालाही झाला होता. बोळक्यालाही. त्या संघातल्या आणखीही काहींना. आणि मॅनेजरलासुद्धा, जे त्याआधी स्वतः खेळाडू होते. ही माणसं गेल्याचं सरांना वेळोवेळी कळलं होतं. कशानं गेली हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी झाली, गेली, असंच ते धरून चालले होते. खाली डॉक्टरांचं मत होतं: वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेल्या चेंडूचा याच्याशी संबंध असावा, अभ्यास चालू आहे.

"म्हणजे तो कप..." सर म्हणाले, "तो कप त्यांना आठवत असेल का हो?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. पण खरा धक्का मला पुढच्या वाक्यानं बसला.

"मी पोरांना ओला चेंडू द्यायचो, बाई."

मधल्या सुट्टीत ते लिंबाखाली गेले. शिपायाकडून कोयता आणला, स्वतः स्टुलावर चढले आणि दोरी कापली. पोरं बघत उभी होती. सरांनी चेंडू उचलला आणि सांगितलं, "आजपासून या शाळेत कुणी डोक्यानं चेंडू खेळायचा नाही. कुणीच नाही. चेंडू वर आला तर जाऊ द्या."

पुढच्या आठवड्यात आंतरशालेय फायनल होती. पोरांना वाटलं, सरांची लहर आहे, उतरेल. ती उतरली नाही. मॅच बरोबरीत होती, शेवटचा कॉर्नर आमच्या गोलसमोर आला. आमचा उंच बचावपटू बरोबर जागेवर होता. नुसती उडी मारायची होती. त्यानं वर पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्या डोक्यावरून चेंडू गेला, मागच्या पोरानं आत ढकलला आणि आम्ही हरलो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरांना खुर्ची सोडून धावताना पाहिलं. ते थेट मैदानात घुसले. आता पोराला थोबाडीत बसते, असं वाटून मी उभीच राहिले. सरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, छातीशी घेतलं आणि म्हणाले, "शाबास." पालक ओरडत होते. दुबे मॅडमनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "पांडेजी, आपकी तबीयत तो ठीक है?"

तबियत ठीक होती. डोक्यात मात्र एकच गोष्ट घुसली होती. सर मला म्हणाले, "माझी जुनी पोरं बघायची आहेत. प्रत्येकाच्या घरी जायचं. तुम्ही चला."

"मी कशाला?"

"पोरं मला 'सगळं मस्त आहे' म्हणतील. त्यांच्या बायका खरं सांगतील, पण मला नाही. तुम्हाला."

तसे आम्ही निघालो. रविवार-रविवार करत मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून सगळं भोपाळ पालथं घातलं. अरेरा कॉलनीत एकजण बँकेत खरोखरचा मॅनेजर झाला होता. साकेत नगरमध्ये एकजण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. सर चहा घेता घेता त्यांना विचित्र प्रश्न विचारत. सकाळी काय खाल्लं? गाडीची किल्ली कुठं ठेवतोस? शाळेची प्रार्थना म्हणून दाखव. पोरं, म्हणजे पोटं सुटलेली पोरं, हसत हसत प्रार्थना म्हणत. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकांना विचारी. त्या म्हणत, "भूलते तो हैं मॅडम, पर वही जो भूलना चाहते हैं." मी बाहेर येऊन मान हलवायची आणि सरांचे खांदे जरा खाली यायचे. एकेक घर झालं तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. करोंदला जायचं ठरलं त्या दिवशी तर ते शीळ घालत आले. थोरल्याचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, गोड घास ठेवावा तसं.

दिनेशचं घर मंडीला लागूनच, खाली पेढी आणि वर राहायला. आम्हाला बघताच तो गादीवरून उठला, सरांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. पोहे मागवले, जिलबी मागवली. पंचेचाळिशीचा, दणकट, कानाजवळ जरा पांढरा झालेला. बोलणं चांगलं, हसणं मोठं. सर त्याच्याकडे नुसते पाहत राहिले होते. मी त्यांना डोळ्यांनीच विचारलं, आता बास ना? आणि रीत म्हणून आत गेले.

त्याची बायको रेखा ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी नेहमीचा प्रश्न हसत विचारला. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याची कड घट्ट धरली.

"आपको किसने बताया?" ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापासून चाललं होतं. आधी भाव विसरणं, मग माणसं. गेल्या महिन्यात समोरच्या मंडीतून त्याला घरचा रस्ता सापडला नाही; रस्ता कसला, एक गल्ली ओलांडायची. पोत्यांवर बसून राहिला होता, ओळखीच्या हम्मालानं आणून सोडलं. डॉक्टरला दाखवलं नव्हतं. "मंडी में पता चल गया तो कोई माल नहीं उतारेगा हमारे यहाँ. आढ़त ज़बान पर चलती है, मॅडम जी." मुली दोन, शिकताहेत. म्हणून ती रोज पडद्यामागे बसून त्याला पढवत होती, आज कोण येणार, कुणाशी काय बोलायचं.

मी बाहेर आले. आता सरांना कसं सांगायचं, हा एकच विचार डोक्यात. सांगायची वेळच आली नाही. दिनेश सरांच्या पुढ्यात जिलबीची बशी सरकवत होता आणि अगदी प्रेमानं म्हणत होता, "आप आराम से खाइए, काका जी. हमारे सर भी आने वाले हैं. पांढरीपांडे सर. उनसे मिलकर जाइएगा, बहुत बड़े आदमी हैं."

त्यानं नाव अगदी स्पष्ट उच्चारलं. पहले पांढरी, फिर पांडे.

सरांच्या हातात जिलबी होती. त्यांनी ती तोंडात घातली, चावली, गिळली आणि म्हणाले, "ज़रूर. मिलकर ही जाऊँगा." खाली उतरल्यावर त्यांना स्कूटर सुरू करता येईना. किक मारायचे आणि पाय घसरायचा. शेवटी मी रिक्षा बोलावली.

सरांनीच मग दिनेशला साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तपासण्या झाल्या. आजार तोच निघाला, फार लवकर आलेला. सरांनी डॉक्टरांना लिंबाचं झाड, ओला चेंडू, सगळं सांगितलं, पोलिसांत जबाब द्यावा तसं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की अशी अनेक कारणं असू शकतात, घराण्यातलं असू शकतं, चेंडूमुळेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. सरांचं त्यावर समाधान झालं नाही. ते तिथून थेट रेखासमोर जाऊन उभे राहिले.

"बेटी, ये मेरे कारण हुआ है. मैंने इसे..." आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. हात जोडले.

मला वाटलं, ती म्हणेल, 'आपका क्या दोष, सर.' आपल्याकडे असंच म्हणतात. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "माफ़ी का मैं क्या करूँगी? कल से मंडी में बोली मैं लगाऊँगी. उतनी देर इनको कौन देखेगा? आप देखिए."

मी चपापले. साठी उलटलेल्या माणसाला, नवऱ्याच्या गुरूला असं? पण मग सरांचा चेहरा बघितला. इतक्या दिवसांत कुणीतरी त्यांना करायला काहीतरी दिलं होतं.

निवृत्ती जवळच आली होती. निवृत्त झाल्यावर सर रोज सकाळी करोंदला जायला लागले. त्याआधीही शाळेची सकाळ चुकवून जात आणि दुबे मॅडम न बघितल्यासारखं करत. तिकडे मंडीत पहिल्या दिवशी बाई लिलावात उभी राहिलेली बघून सगळे अवाक झाले. कुणी हसलं, कुणी तोंडावर बोललं. महिन्याभरात तेच लोक 'भाभीजी' म्हणत तिच्याकडे माल उतरवू लागले. लपवायचं काही उरलं नाही, तेव्हा तिचा आवाजही मोठा झाला.

आणि इकडे पेढीत सर. दिनेशनं त्यांना पुन्हा कधीही सर म्हणून ओळखलं नाही. रोज ते नवीन कुणीतरी असत. एक दिवस विदिशाचे मामा. एक दिवस लाइट दुरुस्त करायला आलेला माणूस. त्या दिवशी सरांनी खरंच स्टुलावर चढून बल्ब काढला आणि परत लावला. एक दिवस दिनेशनं त्यांना कुणा जुन्या बुडव्या गिऱ्हाईकाच्या जागी धरलं आणि सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. सर खाली मान घालून ऐकत राहिले. मी विचारलं, "तुम्ही सांगत का नाही, मी कोण आहे ते?"

"सांगून पाहिलं एकदा," सर म्हणाले. "घाबरला बिचारा. आपण एवढं मोठं काहीतरी विसरलो असं वाटून रडायला लागला. मग काहून सांगायचं, बाई? तो म्हणेल ते मी."

सर गेले ते झोपेत, आपल्या घरी. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला तेव्हा मी तासावर निघाले होते. हातातल्या खडूचे तुकडे झाले एवढंच आठवतं. पण ते राहू दे. मी त्यांना शेवटचं पाहिलं त्याआधीच्या आठवड्यात, करोंदला.

हंगाम होता. मंडीत ट्रकांच्या रांगा, हवेत भुसा, बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पेढीसमोरच्या ओसरीवर दिनेश हात कमरेवर ठेवून उभा होता आणि एका हम्मालाला हुकूम सोडत होता. हम्माल वाकलेला, पाठीवर हरभऱ्याचं अर्धं भरलेलं पोतं, डोक्याला गमछा. तो वळला. ते सर होते.

मी धावले. "सर! काय चाललंय हे? उतरवा ते आधी!"

"हळू बोला, बाई," सर धापा टाकत म्हणाले. "आज मी नवा हम्माल आहे. त्याला बरं वाटतंय. सकाळपासून हुशारीत आहे."

त्यांनी पोतं थप्पीला टेकवलं आणि कंबर धरून उभे राहिले. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. दिनेश जवळ आला. त्यानं स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढला आणि सरांची मान पुसली, नीट, कानामागूनसुद्धा. मग तांब्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. सर प्यायले.

"काका, इस उमर में बोरी उठाते हो," दिनेश म्हणाला. "बच्चे नहीं हैं क्या आपके?"

"हैं ना," सर म्हणाले. "बहुत हैं."

"तो कोई पूछता नहीं?"

सरांनी तोंड पुसलं. "एक है. रोज़ मिलता है."

दिनेशनं जरा विचार केला. "फिर ठीक है," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या पोत्याकडे बोट दाखवलं. "अब ये वाली."

सरांनी गमछा नीट केला आणि वाकले.